शिडाच्या फळीवर पाय टिकावा म्हणून

शिडाची फळी, म्हणजे विंडसर्फिंगची, घरी करायची म्हटलं की सगळी चर्चा आकाराची होते. लांबी किती ठेवायची, नाक किती उचलायचं, फिन, म्हणजे खालचा पर, कुठे बसवायची. डेकवर, म्हणजे फळीच्या वरच्या बाजूवर, पाय कसा टिकणार हा प्रश्न अगदी शेवटी येतो आणि बहुतेक वेळा रंगाच्या डब्यात मूठभर वाळू ढवळून मिटवला जातो. मला तो प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून फक्त त्याबद्दलच लिहितो आहे.

होडीत शिडाचा जोर डोलकाठीतून आणि ताणाच्या दोरांतून थेट सांगाड्यात उतरतो. विंडसर्फिंगच्या फळीवर डोलकाठी ताठ बांधलेलीच नसते. १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियात जिम ड्रेक आणि हॉयल श्वाइट्झर या दोघांनी तिच्या बुंध्याशी सगळ्या बाजूंना वळणारा सांधा बसवला आणि १९७० साली त्यांना त्याचं अमेरिकी पेटंट मिळालं. या सांध्यामुळे सुकाणू न लावता, नुसतं शीड पुढे-मागे कलवून फळी वळवता येते. पण त्याच सांध्यामुळे शीड उभं ठेवायचं काम माणसाच्या अंगावर पडतं. वारा शिडाला ढकलतो, शीड बूमला, म्हणजे हाताने धरायच्या आडव्या दांड्याला, बूम हातांना, आणि हातांत आलेल्या जोराचा मोठा भाग शेवटी तळपायांतून फळीत उतरतो. तळपाय सुटला की ती साखळीच तुटते. शीड कितीही चांगलं असो, गुळगुळीत डेकवर त्याचा उपयोग होत नाही.

आमची फळी मालवणजवळच्या देवबागला, घरामागच्या मांगरात तयार झाली. तीन मीटर लांब, पाऊण मीटर रुंद, साधारण १९० लिटरची, म्हणजे शिकणाऱ्याला उभं राहता येईल अशी. आत थर्माकोलचा गाभा, वरून काचेचं कापड आणि इपॉक्सी रेझिन. मालवणात फायबरच्या होड्यांचं काम करणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं रेझिन हाताशी मिळतं, पण ते पॉलिएस्टर. त्यातलं स्टायरीन थर्माकोलला विरघळवून टाकतं. म्हणून इपॉक्सी बाहेरून मागवावं लागलं. पुढे डेकच्या कामालाही होडीवाल्यांचा जेलकोट, म्हणजे वरून द्यायचा पॉलिएस्टरचा थर, चालला नसता, कारण पक्क्या झालेल्या इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही.

इपॉक्सीचा शेवटचा हात सुकला की पृष्ठभाग काचेसारखा होतो. दिसायला फार सुंदर. कोरड्या पायाने त्यावर उभं राहिलं तर पाय चिकटून बसतो, पण पाणी पडलं की तळपाय आणि डेक यांच्यामध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा राहतो आणि पाय त्या पाण्यावरच सरकतो. डेक खरखरीत असला की पाण्याला बाजूला जायला जागा मिळते आणि कातडीला पकडायला कडा मिळतात. न घसरणाऱ्या डेकचं सगळं तंत्र एवढंच. आता तो खरखरीतपणा कशाने आणायचा आणि किती, यात खरं काम आहे.

होड्यांवर काय करतात ते बघायला आधी फायबरचं काम करणाऱ्या एका काकांकडे गेलो. जाळं ओढताना जिथे उभं राहतात, तिथे ते ओल्या रंगावर वाळू टाकतात. त्यांच्या होडीवर मी ओल्या पायाने चालून पाहिलं, पाय हलला नाही. पण मी फळीबद्दल सांगितल्यावर ते म्हणाले, "होडयेर माणूस उभो रवता. तुझ्या फळयेर तो लोळतलो." त्यांचं हे एक वाक्य पुढच्या सगळ्या कामाला दिशा देऊन गेलं. शिडाच्या फळीवर माणूस पाण्यातून पोटावर चढतो, गुडघ्यावर येतो, मग उभा राहतो. पडतो, पुन्हा चढतो. शिकणारा तर उभा कमी असतो आणि चढत जास्त असतो. त्यात खाऱ्या पाण्याने भिजून कातडी मऊ झालेली. म्हणजे डेकने तळपाय धरला पाहिजे आणि गुडघा, पोट, कोपर सोलता कामा नये.

म्हणून थेट फळीवर काही न करता प्लायवुडचे तळहाताहून मोठे तुकडे कापले, प्रत्येकाला काचेच्या कापडाचा एक थर आणि इपॉक्सी दिलं आणि वेगवेगळ्या गोष्टी त्यावर पसरून पाहिल्या. किनाऱ्यावरची वाळू गोड्या पाण्याने धुवून, वाळवून, चाळून घेतली. शिरोड्याचं मीठ कुटून घेतलं. १९३०च्या सत्याग्रहात गाजलेल्या त्याच मिठागरांच्या गावचं हे मीठ, आमच्या घरी लोणच्याला अजून हेच लागतं. आणि तिसरी साखर. मीठ आणि साखर यांची युक्ती जगभरचे घरगुती फळ्या करणारे वापरतात. ओल्या रेझिनवर दाणे पसरायचे, रेझिन घट्ट झालं की पाण्याने धुवून टाकायचे. दाणा विरघळून जातो आणि त्याच्या जागी खळगा राहतो.

तुकडे तयार झाल्यावर ते खाऱ्या पाण्याने भिजवून एक बाजू चिऱ्यावर टेकवली आणि हळूहळू उचलत गेलो. कुठल्या उतारावर पाय सुटतो ते पाहायचं. माझी भाची चौदा वर्षांची आहे, वजनाने माझ्या निम्मी, आणि फळीवर जास्त वेळ तीच असणार होती, म्हणून प्रत्येक तुकड्यावर आधी ती आणि मग मी. हे दोघांनी करणं फार उपयोगाचं ठरलं. हलक्या माणसाचा तळवा दाण्यांवर कमी दाबला जातो, त्यामुळे मला पुरेशी वाटणारी पकड तिला अपुरी वाटत होती.

वाळूचा तुकडा सर्वांत उभ्या उतारावरही सुटला नाही. पण त्यावर ओला गुडघा टेकवून फिरवला तेव्हा ती लगेच म्हणाली, "मामा, हुळहुळता." आमच्या किनाऱ्याच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, त्याच्या कडा धारदार. शिवाय शीड पाण्यात पडताना अनेकदा डेकवर घासत जातं. वाळूच्या डेकवर रोज घासलं जाणारं शिडाचं प्लास्टिक किती टिकेल, हेही बघायला हवं. वाळू मी सोडून दिली. होडीवर, बूट घालून काम करणाऱ्यांसाठी, ती उत्तमच आहे.

मिठाचं दुखणं वेगळं. मिठाची घनता साखरेपेक्षा बरीच जास्त, एका घन सेंटिमीटरला मीठ २.१६ ग्रॅम तर साखर १.५९ ग्रॅम. इपॉक्सी १.१च्या आसपास. त्यामुळे मिठाचा खडा पातळ रेझिनमध्ये भराभर तळाशी जातो, रेझिन त्याच्यावरून मिटतं आणि मग पाणी त्याच्यापर्यंत पोचतच नाही. तो तिथेच कायमचा अडकतो. दुसरं म्हणजे मिठागराचं मीठ शुद्ध नसतं, त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतात. कोकणात पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं ते याचमुळे. ओलसर दाणा आणि ओलं रेझिन यांचं जमत नाही. तुकड्यावर पकड चांगली होती, पण ठिगळाठिगळाने.

साखरेचा तुकडा पाय धरत होता आणि गुडघा सोलत नव्हता. त्यातही एक निवड होती. किराणा दुकानात पोत्यावर एस-३० किंवा एम-३० असं लिहिलेलं असतं. त्यातलं अक्षर दाण्याचा आकार सांगतं: एस बारीक, एम मध्यम. दोन्हींचे तुकडे केले. एमचे खळगे मोठे आणि त्यांच्या कडा उंच, एसचे खळगे दाट आणि सौम्य. एकाच डेकवर दोन्ही वापरायचं ठरलं. उभं राहायच्या जागेला एम, चढताना पोट आणि गुडघे जिथे घासतात त्या कडेच्या पट्ट्याला एस.

तयार चिकटवायचे रबराचे पट्टेही मिळतात. पायाला सुखद असतात, पण आमच्या उन्हात त्यांच्या कडा उचलल्या गेलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि एवढ्या मोठ्या डेकला त्यांचा खर्चही पुष्कळ. मी त्या वाटेला गेलो नाही.

काम दिवाळीनंतर हातात घेतलं. पावसाळ्यात हे काम करू नये, असं माझं ठाम मत आहे. हवेत ओलावा भरलेला असताना इपॉक्सीतलं हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करायला मिसळतात ते, हवेतल्या पाण्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी जोडलं जातं आणि पृष्ठभागावर मेणचट थर येतो. त्यावर पुढचा कुठलाही हात बसत नाही. हा थर पाण्यात विरघळतो, म्हणून पॉलिश पेपर लावण्याआधी पाण्याने आणि घासणीने धुवायचं. आधी पेपर मारला तर तो थर ओरखड्यांत दाबला जातो. फळी धुवून, सुकवून, ८० नंबरच्या पेपरने चकाकी पूर्ण जाईपर्यंत घासली. जिथे चकाकी उरते तिथे नवा थर सुटतो.

मग आखणी. डोलकाठीच्या सांध्यापासून मागे, दोन्ही पाय रुंद ठेवून उभं राहता येईल इतकी जागा, अगदी पाय अडकवायच्या मागच्या पट्ट्यांपर्यंत. सांध्याच्या पुढेही हातभर, कारण दिशा बदलताना माणूस डोलकाठीला पुढून वळसा घालून पलीकडे जातो आणि त्या क्षणी वजन एका पायावर, फळीच्या अरुंद भागावर असतं. घरगुती फळ्यांवर नेमकी हीच जागा गुळगुळीत राहिलेली मी पाहिली आहे. सांध्याच्या बैठकीभोवती आणि डॅगरबोर्डच्या, म्हणजे फळीच्या मधून खाली पाण्यात जाणाऱ्या पात्याच्या, फटीभोवती दोन बोटं कोरी जागा सोडली, तिथे पाणी आत जाऊ नये म्हणून सील नीट बसलं पाहिजे. कडेलाही थोडी जागा कोरी, फळी काखेत धरून न्यायची असते. सगळीकडे कागदी टेप लावली आणि कोपरे गोल केले, कारण टोकदार कोपऱ्यातून थर पहिल्यांदा उचकटतो.

साखर पसरून उन्हात वाळवली आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली. तिला मुंग्या लागणार हे घरात सगळ्यांना आधीच दिसत होतं. "एवडी साखर उघडी ठेवलंस तर रातभर मुंगये येतले," असं मावशी म्हणाली आणि तिनेच उपाय केला. फळी ज्या बाकड्यांवर ठेवली होती त्यांच्या पायांखाली पाणी भरलेल्या करवंट्या ठेवल्या. रेझिनमध्ये मुंग्या अडकल्या की प्रत्येक मुंगी म्हणजे पुढे पाणी शिरायची एक वाट, त्यामुळे ही काळजी खरोखर घ्यावी लागते.

रेझिन लावायची वेळ सकाळी दव पूर्ण उडाल्यावरची धरली, खारा वारा सुरू व्हायच्या आत. वाऱ्यात साखर एकसारखी पडत नाही. मांगराच्या दारावर ताडपत्री लावली, पण हवा खेळती राहील इतकी फट ठेवली. हातमोजे घातल्याशिवाय इपॉक्सीला हात लावू नये. कातडीला त्याची ॲलर्जी एकदा बसली की ती जन्माची राहते. रेझिन आणि हार्डनर वजनकाट्यावर मोजून घेतलं, अंदाजाने नाही. साधारण सव्वा चौरस मीटरला ३०० ग्रॅम मिश्रण लागलं. हा थर पाव मिलिमीटरच्या आसपास बसतो आणि दाण्याचा खालचा भाग त्यात रुततो. आधी टाइल्सवाल्यांचा रबरी पट्टा फिरवून पसरलं, मग फोमच्या रोलरने एकसारखं केलं.

आता यातली सर्वांत नाजूक गोष्ट. साखर केव्हा टाकायची? रेझिन पातळ असताना टाकली तर दाणे बुडतात. उशीर झाला तर दाणे वरच्यावर राहतात आणि झटकताना निघून जातात. मधली वेळ ओळखायची खूण स्वयंपाकघरातलीच आहे: मोज्याच्या बोटाने टेपेवरचं रेझिन टिपून बोट उचललं की एकतारी पाकासारखी तार यायला हवी. तार आली की लगेच कामाला लागायचं. उन्हाळी हवेत ही वेळ फार थोडी असते, म्हणून चाळण्या, साखर, मदतीचा माणूस, सगळं आधीच मांडून ठेवावं.

पसरताना कंजुषी करू नये. मीठ भुरभुरवतो तसं भुरभुरवलं तर डेकवर ठिपके उठतात. चाळण हातभर उंच धरून, खाली रेझिन दिसेनासं होईपर्यंत, पांढरा थर जमेल इतकी साखर पाडायची. रेझिनला जेवढे दाणे टेकतात तेवढेच धरले जातात, बाकीचे वर सुटे राहतात आणि त्यामुळेच सगळीकडे सारखी दाटी येते. आधी कडेच्या पट्ट्यावर एस, मग मधे एम. चौरस मीटरला किलोभर तरी साखर लागते. भाची एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने असे मधे भेटत गेलो. टेप मात्र रेझिन पूर्ण कडक व्हायच्या आत, चामड्यासारखं असतानाच ओढून काढली. नंतर काढली असती तर कड फाटत गेली असती.

दुसऱ्या दिवशी सुटी साखर ब्रशने झाडली. ती पुन्हा खाण्यासाठी वापरायची नाही, हे वेगळं सांगायला नको. मग कोमट पाणी आणि नायलॉनचा ब्रश. पहिल्या पाण्याने बरीच साखर जाते, पण खळग्यांच्या तळाशी राहिलेल्या दाण्यांसाठी ओलं पोतं पसरून फळी तशीच ठेवली आणि पुन्हा घासली. बोट ओलं करून डेकवर फिरवायचं आणि चिकट लागतं का बघायचं. याच धुण्यात वरचा मेणचट थरही निघून जातो, मिठा-साखरेच्या पद्धतीचा हा एक मोठाच फायदा आहे.

साखर गेल्यावर हाताला लागतात त्या खळग्यांच्या काठावर चढलेल्या रेझिनच्या बारीक सुया. त्या तशाच ठेवल्या तर वाळूइतक्याच सोलतात. १२० नंबरचा पेपर बोटांत धरून, दाब न देता, एकदाच अलगद फिरवला. एसच्या पट्ट्यावर थोडा जास्त, एमवर अगदी नावापुरता. इथे ठोकळ्याला गुंडाळलेला पेपर वापरू नये, तो उंचवटेच खातो.

शेवटी रंग. इपॉक्सीला ऊन सोसत नाही, ते पिवळं पडतं आणि भुकटी होऊन झडतं, म्हणून वरून दोन डबे मिसळून वापरायचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग द्यावाच लागतो. रंग पांढरा घेतला आणि त्याला सौंदर्याखेरीज कारण आहे. घरच्या तापमानावर कडक झालेलं इपॉक्सी साधारण ५० ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं, आणि एप्रिलच्या दुपारी गडद रंगाची फळी किनाऱ्यावर ठेवली तर ती तेवढी सहज तापते. शिवाय तिच्यावर अनवाणी उभं राहायचं असतं. फवारणी केली नाही, कारण या रंगाचा फवारा छातीत जाणं घातक आहे. छोट्या रोलरने, पातळ करून, दोन हात दिले. एक जाड हात दिला असता तर खळगे भरून गेले असते.

रंग पुरा पिकू दिला आणि मग फळी कर्लीच्या खाडीत उतरवली. देवबागची पट्टी अरुंद. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला खाडी. मार्चपासून दुपारी वायव्येचा वारा येतो तो माडांवरून आणि सुरूंवरून खाडीत उतरतो. पाणी सपाट मिळतं, पण वारा झटक्याझटक्याने येतो. एक झटका आला की अंग मागे टाकावं लागतं, तो गेला की लगेच सरळ व्हावं लागतं, आणि या प्रत्येक हालचालीत तळपायाची जागा बदलते. फळीच्या पकडीची कसोटी म्हणून याहून चांगली जागा नाही.

पकड आली. शीड पाण्यातून उचलताना, म्हणजे डोलकाठी दोन पायांच्या मधे घेऊन दोरीने शीड वर ओढताना, पाय जागच्या जागी राहतात. त्या वेळी पाठ वाकलेली असते आणि सगळा जोर टाचांवर असतो, गुळगुळीत डेक तिथेच दगा देतो. भाचीला डोलकाठीच्या पुढून वळसा घालताना पाहिलं तेव्हा मला सर्वांत जास्त आनंद झाला. ती पायाकडे न बघता शिडाकडे बघत होती. तिचे गुडघे लाल होतात, पण सोलत नाहीत. पोटासाठी मात्र अंगात पूर्ण टी-शर्ट हवाच, एस साखरेच्या पट्ट्यावरूनही.

देखभाल साधी आहे. खळग्यांत गाळ आणि बारीक शेवाळ बसतं आणि पकड कमी होते, तेव्हा रंग घासला गेला असं समजून घाईने नवा हात देऊ नये. गोड्या पाण्याने आणि ब्रशने घासलं की पकड परत येते. सगळ्यांत लवकर झिजते ती सांध्याच्या मागची, उचलताना टाचा रुततात ती जागा. तिथे पुन्हा टेप लावून, घासून, वीतभर भागापुरतं रेझिन आणि साखर देता येते, कडा जुळवायला थोडा पातळ रंग पुरतो. अंगाला खोबरेल तेल लावून फळीवर येणाऱ्या मुलांना मात्र आधी पाय साबणाने धुवायला सांगतो. तेल खळग्यांत उतरलं की नुसत्या पाण्याने निघत नाही.

आता होडीवाल्या काकांनी त्यांच्या छोट्या होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, हीच पद्धत करायचं ठरवलंय, कारण तिथे त्यांचा नातू अनवाणी बसतो. त्यांची होडी पॉलिएस्टरची, पण पक्क्या पॉलिएस्टरवर, नीट घासून घेतलं तर, इपॉक्सी चांगलं धरतं. नाळेच्या तेवढ्या भागाला अर्धा किलो एम साखर भरपूर होईल, आणि पुढच्या पावसाआधी उरकायचं असेल तर मार्च-एप्रिल गाठायला हवा.